टिटलिस पाहिले, एंगेलबर्ग राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील युरोप सहलींच्या जाहिराती आता वर्तमानपत्रांच्या पानापानांवर दिसू लागल्या आहेत. त्यातील बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत स्वित्झर्लंडमधील ‘माउंट टिटलिस’ हे हिमशिखर असतेच आणि त्यासाठी साधारण अर्धा दिवस राखलेला असतो: सकाळी बसने पोहोचायचे, रोपवेने वर जायचे, बर्फात थोडे खेळायचे, जेवायचे आणि दुपारी पुढच्या गावाला निघायचे. ज्या गावातून हा रोपवे सुटतो, त्या एंगेलबर्गचे नावसुद्धा अनेक पत्रिकांत छापलेले नसते. या गावाला एकदा आमची अशी धावती भेट झाली आणि नंतर एकदा तेथे सहा दिवसांचा मुक्काम घडला. दोन्ही अनुभव गाठीशी असल्यामुळे, आयुष्यभराची पुंजी बाजूला काढून अशा सहलीला निघणाऱ्या मुंबईकर वाचकांना काही सांगावेसे वाटते.

पहिल्या खेपेस मी आणि माझे यजमान एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. एंगेलबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहे आणि रोपवेचे वरचे स्थानक ३०२० मीटरवर. हे अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापले जाते. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे शरीराला किती थोड्या वेळात किती मोठा फरक सोसावा लागतो याची कल्पना येईल. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असतो. वर पोहोचताच यजमानांना गरगरू लागले. आमच्या गटातील आणखी दोन ज्येष्ठ मंडळी भिंतीला टेकून बसली. ‘चढताना मध्ये ट्रुबसे स्थानकावर अर्धा तास थांबा, पाणी प्या, वर गेल्यावर घाईघाईने पायऱ्या चढू नका’ एवढे जरी कोणी आधी सांगितले असते, तरी हा त्रास बराच कमी झाला असता. त्या दिवशी शिखर ढगात होते. एका हिंदी चित्रपटातील नायक-नायिकेच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांशेजारी उभे राहून आम्ही फोटो काढला, डबा खाल्ला आणि ठरल्या वेळी बसमध्ये जाऊन बसलो. खाली हिरवेगार खोरे पसरले होते, एका मोठ्या चर्चचा मनोरा दिसत होता आणि बस मात्र वळणावळणाने दूर चालली होती. खिडकीतून मागे पाहताना वाटलेली हळहळ पुढे कित्येक वर्षे माझ्या मनातून गेली नाही.

म्हणून गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आणि माझी भाची असे तिघे पुन्हा गेलो आणि या वेळी फक्त एंगेलबर्गलाच राहिलो. लुझर्न शहराहून निघणारी रेल्वे पाऊण तासाच्या आत गावात आणून सोडते. शेवटच्या टप्प्यात २०१० साली खुला झालेला सुमारे चार किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यातील चढ इतका तीव्र आहे की तेथे गाडी दातेरी रुळाच्या आधाराने चढते. गाव उंचावर असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते महाबळेश्वरपेक्षाही खाली आहे. भोवतालचे डोंगर एकदम सरळ उठलेले असल्यामुळे ते उंच वाटते इतकेच. येथे ११२० मध्ये स्थापन झालेला बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ आहे आणि १७९८ पर्यंत या खोऱ्यावर त्या मठाचीच सत्ता होती. १७२९ च्या आगीनंतर मठाची इमारत नव्याने उभारण्यात आली. आजही तेथे साधू राहतात आणि मठाची शाळा चालते. आवारातच काचेआड चीज तयार होताना पाहता येते. घंटेच्या आकाराचे एक मऊ चीज तेथून आम्ही आणले आणि संध्याकाळी खोलीवर पोळीबरोबर खाल्ले.

सर्वांत जास्त आठवण राहिली आहे ती टिटलिसच्या समोरच्या अंगाला, ब्रुन्नीच्या उतारावर असलेल्या एका लहानशा तळ्याची. या तळ्याभोवती अनवाणी चालण्याची वाट केलेली आहे. बूट-मोजे हातात घेऊन निघायचे; पायाखाली आधी गवत, मग गोटे, मग बारीक खडी, लाकडाचे ओंडके, चिखल आणि शेवटी बर्फासारखे थंड पाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून यजमान त्या पाण्यात उतरले, तेव्हा त्यांना लहानपणीच्या कोकणातल्या वहाळाची आठवण झाली आणि आम्ही तिघांनी त्या तळ्याला दोनदा फेरी मारली. समोर टिटलिसचे हिमाच्छादित शिखर स्पष्ट दिसत होते. वर जाऊन ढगात जे गवसले नाही, ते येथे खाली बसून डोळे भरून पाहता आले.

‘पण सहा दिवस तेथे करायचे काय?’ हा प्रश्न आम्हाला परतल्यावर निदान दहा जणांनी विचारला. बर्फ म्हणजे हिवाळा आणि हिवाळा म्हणजे स्की, अशी आपली समजूत असल्यामुळे हा प्रश्न पडतो. वास्तविक आल्प्समधील अशी गावे बाराही महिने खेळांवर आणि पायी फिरण्यावर जगतात. येथे गेर्श्नीआल्पच्या कुरणापर्यंत दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे १९१३ साली आली आणि तेथून ट्रुबसेपर्यंतचा रोपवे १९२७ साली, म्हणजे ही व्यवस्था शंभर वर्षांच्या घरातली आहे. टिटलिसच्या हिमनदीमुळे साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत स्की करता येते. ज्याने आयुष्यात कधी बर्फावर पाऊल ठेवलेले नाही, त्याला पहिल्या धड्यापासून शिकवणाऱ्या शाळा गावात आहेत. ज्यांना स्कीची भीती वाटते त्यांच्यासाठी लाकडी घसरगाडीची वाट आहे, बर्फातून चालण्यासाठी पायाला रुंद जाळी बांधून जाण्याच्या वाटा आहेत. डिसेंबरमध्ये गावाच्या मोठ्या उतारावर स्की-उड्यांची विश्वचषक स्पर्धा भरते आणि खालच्या पटांगणात उभे राहून ती कोणालाही पाहता येते. जून ते ऑक्टोबर हे महिने मात्र चालणाऱ्यांचे. ट्रुबसे तलावाभोवतीची सपाट वाट आम्ही दोघांनी रमतगमत दीड तासात पुरी केली. तलावात वल्हवण्यासाठी होड्या असतात. भाचीने त्याच वेळी तेथून निघून योखपासची २२०७ मीटर उंचीची खिंड ओलांडली आणि एकामागोमाग चार तलाव पाहत पलीकडच्या खोऱ्यात उतरली. कड्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या आणि तारा धरून चढण्याचे मार्गही आहेत. आपल्याकडे लिंगाणा किंवा नाणेघाटाचा अंगठा चढणाऱ्या तरुणांना ते नक्कीच भावतील.

आमच्या मुक्कामातच गाई वरच्या कुरणांवरून गावात उतरण्याचा दिवस आला. पोळ्याला बैल सजवावेत तशी त्यांच्या डोक्यावर फुलांची आरास होती आणि गळ्यातील घंटा एवढ्या मोठ्या की त्यांचा नाद मिरवणूक दिसण्याआधी बराच वेळ ऐकू येत होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी खुणेने मला आपल्या शेजारी जागा करून दिली. असा दिवस कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत बसवता येत नाही, त्यासाठी गावात असावे लागते.

आता वाटांच्या पाट्यांविषयी, कारण मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटरच्या पायवाटांवर एकाच पद्धतीच्या पिवळ्या पाट्या आहेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे केवळ अनुभवी गिर्यारोहकांची वाट. या पाट्यांवर किलोमीटर लिहिलेले नसतात, लागणारा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो. आम्ही त्या वेळेची दीडपट धरून चालत असू आणि सहा दिवसांत एकदाही आमची फसगत झाली नाही, एकदाही कोणाला वाट विचारावी लागली नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरील माणसाला परक्या देशातील डोंगरात एकट्याने फिरण्याचा धीर येतो, तो या पाट्यांमुळे. १९७९ साली तेथील नागरिकांनी मतदान करून पायवाटांच्या जतनाची तरतूद थेट राज्यघटनेत करून घेतली आणि २०१८ साली तशीच तरतूद सायकलवाटांसाठीही केली. पायी चालणाऱ्याचा विचार राज्यघटनेत व्हावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. स्वित्झर्लंड महाग आहेच आणि एका गावात राहिल्याने ते स्वस्त होत नाही. परंतु रोज नवे हॉटेल आणि रोज दोनशे किलोमीटरचा प्रवास हा खर्च मात्र वाचतो. आम्ही स्वयंपाकघर असलेली लहान सदनिका घेतली होती. सकाळी पोहे, रात्री मुगाची खिचडी आणि दुपारी बरोबर नेलेला डबा, असे केल्याने बाहेर जेवणे एक-दोनदाच झाले. परदेशी प्रवाशांसाठी असलेल्या स्विस ट्रॅव्हल पासवर लुझर्नहून येणारी रेल्वे विनामूल्य आहे आणि टिटलिसच्या रोपवेचे तिकीट निम्म्या दरात मिळते. या प्रवासासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांच्या सामाईक प्रवेश-परवान्यासाठी) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. परंतु त्या पॉलिसीत स्की आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका यांचा समावेश आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. नोव्हेंबरमध्ये रोपवे देखभालीसाठी काही दिवस बंद असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तारखा तपासूनच तिकिटे काढावीत. दक्षिणेकडून फ्योन नावाचा उष्ण वारा जोरात वाहू लागला तरी रोपवे थांबवावा लागतो. अर्ध्या दिवसासाठी आलेल्या प्रवाशाची सहल अशा वेळी वाया जाते, सहा दिवस राहणारा दुसऱ्या दिवशी वर जातो.

एका गोष्टीने मात्र मन खिन्न झाले. टिटलिसच्या हिमनदीचा काही भाग उन्हाळ्यात पांढऱ्या कापडाने झाकून ठेवतात, बर्फ कमी वितळावा म्हणून. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फाच्या दहा टक्के बर्फ गमावला. ते कापड पाहताना आजारी माणसाच्या अंगावर शाल घालावी तसे वाटत होते. आम्ही विमानाने इतक्या लांबून गेलो, याचाही त्या वितळण्यात वाटा आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जायचे तर एकदा जावे, एकाच गावी राहावे आणि पुरेसे राहावे, असे माझे मत झाले आहे.

परतल्यावर महिन्याभराने आम्ही माथेरानला गेलो. वाहनांना बंदी असलेले, घनदाट झाडीचे, १९०७ पासून डोंगर चढणारी छोटी रेल्वे लाभलेले असे गाव मुंबईपासून दोन-अडीच तासांवर असणे हे आपले भाग्य आहे. तेथेही आम्ही ‘पॉइंट’ मोजत आलेले गट पाहिले: बारा पॉइंट झाले, चला परत. वाटांवर पाट्या होत्या, पण कोणती पुसट झालेली, कोणती झाडामागे गेलेली, आणि किती वेळ लागेल हे एकीवरही लिहिलेले नव्हते. सह्याद्रीत भटकणाऱ्या गटांनी आजवर खडकांवर बाण रंगवून जे काम स्वखर्चाने केले आहे, तेच काम माथेरान, महाबळेश्वर आणि भंडारदरा येथे शासनाने एका ठरावीक पद्धतीने करावे. त्यासाठी रोपवे लागत नाही, काचेचा पूल लागत नाही, खांब, पाटी आणि ती वाट घड्याळ लावून चालून पाहणारा माणूस लागतो.

सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी पत्रिकेत टिटलिसच्या शेजारी एंगेलबर्गचे नाव छापावे आणि निदान दोन रात्रींचा मुक्काम तेथे ठेवून पाहावा. वर जाताना ट्रुबसेला अर्धा तास थांबण्याची सूचना तर या उन्हाळ्यापासूनच, बसमध्ये बसल्या बसल्या, प्रत्येक प्रवाशाला देता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई