शनिवारी पाण्याची तपासणी : सर्व गटांतील महिलांसाठी सूचना

ताईंनो, येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता अंगणवाडीत फ्लोराईड तपासण्यासाठी पाण्याचे नमुने गोळा होतील. फ्लोराईड म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार, जास्त झाला तर दात आणि हाडं बिघडवतो. ज्यांच्या घरी बोअर किंवा हातपंपाचं पाणी पितात, त्या प्रत्येकीने नमुना आणावा.

बाटली प्लास्टिकचीच, १ लिटरची. काच नको, फ्लोराईडची काचेशी क्रिया होते. आधी पाच मिनिटं पंप चालू द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा. झाकणावर नाही, बाटलीवर नाव आणि पंपाची जागा लिहा. झाकणं बदलतात.

लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास बंद, धुणी-भांडी चालतील. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं.

लहान मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मोठ्यांची मान-कंबर आखडणं, उकिडवं बसता न येणं दिसलं तर त्याच वेळी आशाताईला सांगा.

ताटात कॅल्शियम व क जीवनसत्त्व वाढवा: ताक, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी, आवळा, लिंबू. मात्र हे चांगल्या पाण्याला पर्याय नाही. काळा चहा, सुपारी, काळं मीठ कमी करा. त्यांतही फ्लोराईड असतं.

गरोदर व पाजत्या बायांच्या घरचे नमुने आधी घेतले जातील.