कारंजं बांधताय तर ते बंद असतानाचाही विचार करा

मा. संपादक,

पावसाळा सरला की उद्यानांच्या सुशोभीकरणाची कामं निघतात आणि त्यात एक कारंजं हमखास असतंच. माझा कारंज्याला विरोध अजिबात नाही, आमच्या नवी मुंबईच्या दमट उकाड्यात संध्याकाळी पाण्याजवळ बसायला कोणाला नको असतं, आणि पोरं तर तिथून हलत नाहीत. पण कारंजं चालू असताना कसं दिसेल एवढंच बघून ते बांधलं जातं, ते वर्षातले कितीतरी महिने बंद असणार आहे हे कोणी धरतच नाही.

आमच्या घराजवळच्या उद्यानातलंच सांगतो. निळ्या टाइल्सचा गोल हौद, मधोमध उंच फवारा. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की फवारा वाकायचा, पाणी हौदाबाहेर, वॉकिंग ट्रॅक ओला, ज्येष्ठ मंडळी घसरायची, म्हणून शेवटी फवाराच बंद केला. आता तळाशी वीतभर पाणी, त्यात बदामाची पानं, गुटख्याच्या पुड्या आणि वाकून बघितलं तर अळ्या वळवळताना दिसतात. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही घरोघरी आठवड्याला कोरडा दिवस पाळायचा, कुंड्यांखालच्या बशा पण उपड्या करायच्या आणि इथे अख्खा हौद तसाच.

खरंतर हे टाळणं काही रॉकेट सायन्स नाही. फवारा जितका उंच, निदान तितकी जागा हौदात चारी बाजूंनी सोडायची, आणि खाडीकाठी तर त्याहून जास्त, नाहीतर वाऱ्याचा सेन्सर बसवायचा म्हणजे वारा वाढला की फवारा आपोआप खाली येतो. खाऱ्या हवेत साधं स्टील गंजतं, तिथे 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच पायजे. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे आणि सर्किटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, यात तडजोड नकोच, पोरं हात घालणारच. विजेचं म्हणाल तर 5 एचपीचा पंप रोज चार तास चालवला तरी 15 युनिटच्या आसपास जातात, त्यामुळे उंची कमी ठेवली तर तिथेही बचत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हौदच नको. फरशीतून थेट पाणी उडतं आणि जाळीतून खालच्या बंद टाकीत परत जातं, तसलं कारंजं करा. वर पाणी साचत नाही, बुडायची भीती नाही, आणि बंद असेल तेव्हा तीच जागा खेळायला, योगा करायला मोकळी. टाकीला फिल्टर आणि क्लोरीनचा डोस मात्र रोजच्या रोज हवा, कारण पोरं ते पाणी तोंडात घेतात. म्हणूनच आपल्याला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाचं पाणी वाचवायला सांडपाणी शुद्ध करून वापरा असं जे सुचवतात, कोपरखैरणे-ऐरोलीला तसं टर्शरी ट्रीटमेंटचं, म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेनंतर आणखी एकदा शुद्ध केलेलं पाणी उद्योगांसाठी तयार होतंच, ते मला झाडांना नक्की पटतं, पोरांच्या अंगावर उडणाऱ्या फवाऱ्याला नाही.

आणि पावसाळा? चार महिने आभाळातून फुकट पाणी पडतं, ते थेट गटारात. उद्यानातल्या वाटांचा उतार जरा विचार करून दिला आणि दगडी पायऱ्यांवरून ते पाणी खळखळत खालच्या खड्ड्यातल्या कर्दळीपर्यंत नेलं तर पंपाशिवाय, विजेशिवाय बघण्यासारखं काहीतरी होईल. खड्डा मात्र दोन दिवसांत जिरेल असा मुरुम-खडीचा हवा, म्हणजे डासांचा प्रश्न नाही.

आमची मागणी एवढीच आहे की पुढचं टेंडर निघेल त्यात बांधकामासोबत पाच वर्षांची देखभाल एकाच ठेकेदाराकडे द्या, दर आठवड्याला टाकी आणि नोझल साफ केल्याची तारीख तिथेच बोर्डावर लिहायला लावा आणि बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा तो नंबर पण त्याच बोर्डावर टाका.

आपला,
एक नियमित वाचक, नवी मुंबई