बारीच्या मामांना, शिड्यांपाशी उभं राहिल्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. या आकड्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसं पायथ्याच्या बारी गावात उतरतात आणि देवीच्या देवळापाशी फोटो काढून परततात. पावसाळ्यातल्या रविवारी वाटेवरच्या लोखंडी शिड्यांपाशी तुम्ही उभे असता, ते काही त्या फोटोत येत नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

शिड्यांवर चढाई फारशी अवघड नाही, अवघड होते ती गर्दी. चढणारे आणि उतरणारे मधेच समोरासमोर आले की कुणाला तरी कठड्यावर रेलून वाट द्यावी लागते, आणि धोका तिथेच असतो. तुमची पद्धत साधी: आधी उतरणारे दहा-बारा जण, ते खाली आल्यावर तेवढेच वर. खालच्यांची कुरकुर होते, पण उतरणाऱ्यांचे पाय थकलेले असतात आणि वर वाऱ्यात थांबायला जागाही अरुंद, हे त्यांना माहीत नसतं. पायरी चढण्याआधी बुटाचा चिखल दगडावर घासायला लावता, तेही किती नेमकं! ओलं लोखंड एकवेळ धरून ठेवतं, पण त्यावर चिखलाचा लेप बसला की मागून येणाऱ्याचा पाय सुटतो. उभ्या टप्प्यावर तोंड शिडीकडे, काठी पिशवीला बांधलेली, मोबाईल खिशात, दोन्ही हात कठड्याला. हे तुम्ही न कंटाळता प्रत्येकाला सांगता.

पण माणसं जास्त पडतात ती शिड्यांवर नाही, त्यांच्या खालच्या मुरमाड वाटेवर. शिड्या संपल्या की जीव सैल सोडतात. घसाऱ्यावर घाबरून मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि पाय पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवून, अंग पायांच्या वर ठेवून, बारीक पावलं टाकायची, हे तुम्ही चालून दाखवलंत तेव्हा आमच्या नव्या पोरांच्या ध्यानात आलं. नुसतं सांगून आलं नसतं.

पाण्याचंही तसंच. माणशी तीन लिटर घरूनच आणायला सांगतो, तरी निम्मे जण एका बाटलीवर येतात. शेवटच्या शिडीआधी विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर चढणं चूक. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ जातं, म्हणून तुमच्या सरबतात साखरेच्या जोडीला मीठ असतं. पोटरीत गोळा आलाच तर बसवून, गुडघा सरळ करून, पावलाचा पंजा अंगाकडे ओढून धरायचा. चोळत बसायचं ते नंतर.

वेळेबाबत तुम्ही कडक आहात, ते बरंच आहे. चढ आठ-नऊशे मीटरचा. साधारण चालणाऱ्याला वर जायला साडेतीन तास, उतरायला अडीच-तीन, आणि नवख्यांच्या गटाला त्याहून जास्त. सकाळी सहाला गाव सोडलं तर घाई होत नाही. बारा वाजता शिखर दिसत असलं तरी मागे फिरायचं. मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात, आणि विजा कडाडत असताना उघड्या माथ्यावर किंवा लोखंडाला धरून असण्यासारखी वाईट जागा नाही. पावसात वेगळाच त्रास. माथा गावापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असतो, त्यात भिजलेले सुती कपडे आणि वारा. कुणी कुडकुडत असंबद्ध बोलू लागलं तर ‘चल, होईल’ म्हणत वर ढकलायचं नाही. कोरडे कपडे घालून लगेच खाली आणायचं.

आणखी एक. कळसूने, म्हणजे शिखरावरच्या देवीने, म्हणे कामाला राहताना भांडी घासणार नाही, केर काढणार नाही अशी अट घातली होती. त्याचा अर्थ पत्रावळी आणि बाटल्या तिच्या दारात टाकून यायच्या असा आमच्या लोकांनी कधी लावला, कोण जाणे. तुमच्या पोत्यातून खाली आलेल्या कचऱ्यात आमच्याही बाटल्या असणार. त्याबद्दल आभार मानायला लाज वाटते, पण मानतो.

पुढच्या खेपेपासून पंचवीस जणांचा एक घोळका आणणार नाही. बारा-बाराच्या दोन तुकड्या, अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि प्रत्येकीसोबत कचऱ्याचं पोतं आमचं. सरबताचे सुटे पैसेही घेऊन येऊ.

तुमचे,
दर मोसमात माणसं घेऊन येणारे आम्ही