बीटीएसच्या आधीचे पाच जण

महोदय,
के-पॉपची, म्हणजे दक्षिण कोरियाच्या पॉप संगीताची चर्चा हल्ली बीटीएस या गायकगटापासूनच सुरू होते. पण कंपनीने घडवलेल्या ‘आयडॉल’ गटांचा हा साचा पाडला तो १९९६मध्ये आलेल्या ‘एच.ओ.टी.’ या गटाने. ली सू-मान यांच्या एसएम एंटरटेनमेंट या संगीत कंपनीने पाच मुले निवडली, तालीम दिली, बाजारात उतरवली. चाहत्यांची खूण असलेले पांढरे फुगे घेऊन शाळकरी मुली लोटल्या. फेब्रुवारी २०००मध्ये तर बीजिंगमध्येही कार्यक्रम झाला. आणि मे २००१मध्ये, ऐन भरात, गट फुटला. कंपनीशी करारावरून बिनसले. टोनी आन, जांग वू-ह्योक, ली जे-वन यांनी बाहेर पडून ‘जेटीएल’ हा नवा गट काढला. कांगता आणि मून ही-जून कंपनीतच राहिले. चाहत्या कंपनीवर संतापल्या, ते मला रास्तच वाटते. पाचही जण सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर पुन्हा एकत्र गायले ते थेट २०१८मध्ये.

– एक वाचक, पुणे