वरच्या कप्प्यातली पुस्तकं

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "बाबांनी मधल्या खोलीतलं कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले." पुढे ती बोलली नाही आणि मलाही बोलवेना. बाबा, वरच्या कप्प्यातली बालकवितांची पुस्तकं मी आणली आहेत. चतुर्थीला आले होते, तेव्हा निघायच्या दिवशी पिशवीत भरली. तुम्ही मागच्या अंगणात होता. विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाला नसता हे ठाऊक होतं, पण तुमचा चेहरा बघून मीच ती परत जागेवर ठेवली असती.

आणि दुसरंही आजच सांगते. या खेपेला मी बदलीचा अर्ज भरलेला नाही. मुदत गेली. दादाला माहीत आहे, त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. आई, तू म्हणशील, "गो चेडवा, मगे कधी येतलंस?" येते गं. पण मला हे आणखी एक वर्ष हवं आहे.

जव्हारच्या या पाड्यावर पोरं घरी वारली बोलतात आणि पुस्तक मराठीत. जूनपासून दुसरीतला एक मुलगा तोंडच उघडत नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. तुमची पुस्तकं आली आणि मी शेवटची वीस मिनिटं कवितेला दिली. वर्गात सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे लावून त्यावर पुस्तकं टांगली, ज्याला जे हवं ते त्यानं काढावं. मी वाचताना यमकाचा शब्द गिळते, तुम्ही गिळायचात तसाच, आणि पोरं तो ओरडून पुरा करतात. एके दिवशी विंदांची पिशीमावशी काढली. भुतं म्हटल्यावर सगळे माझ्या पायाशी गोळा झाले. वाचून झालं आणि हा मुलगा उठला. ओढ्यापलीकडच्या चिंचेवरच्या भुताची गोष्ट त्यानं वारलीत सांगितली, न थांबता. मी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली. दोन दिवस कोणी फळा पुसू दिला नाही. आता तो हजेरीला "हजर बाई" म्हणतो. बाबा, त्याला अशा वेळी दुसऱ्याच्या हाती सोपवून यायला माझं मन तयार होईना.

पाडगांवकरांचा भोलानाथही वाचला. शाळेभोवती तळं साचून सुट्टी मिळेल का, असं विचारतात ना त्यात. मला वाटलं, पोरं खूश होतील. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचा ओढा भरला की खरंच शाळा बुडते. पण सुट्टीला खिचडी नसते." मग सगळ्यांनी मिळून भोलानाथाला सांगितलं, पाऊस दे पण सुट्टी नको. मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. लहानपणी पडवीत तुमच्या मांडीवर बसून हीच कविता मी कितीदा म्हटली असेल, पण सुट्टीचा असा अर्थ कधी मनात आला नव्हता.

तीच मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. जाताना तिनं वहीत सात कविता उतरवून नेल्या. ती परत येईल तेव्हा मी इथे असायला हवं, एवढंच मनात आहे. यात तुमच्यावरची माया कुठे कमी होत नाही, हे तुम्हाला कळतं ना?

पुस्तकांची काळजी करू नका. सगळ्यांना खाकी कव्हर घातलं आहे. पहिल्या पानावरची तुमची सही, तारीख आणि किंमत तशीच ठेवली आहे. एक कवी धालवलीचे, एक वेंगुर्ल्याचे, दोघंही आपल्याच मुलखातले, हे तुमचं वाक्य मी पोरांनाही सांगते. नकाशावर देवगड दाखवला तर म्हणाली, बाईंचं गाव समुद्रात पडेल.

माझी खोली बरी आहे. थंडी आहे, पण आईची गोधडी पुरते. नागलीची भाकरी मला आता थापता येते.

आता नीट ऐका. बाबा, ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला आणि माडाखाली काळा चष्मा घातल्याशिवाय जाऊ नका. साखरेची गोळी जेवणाआधी, आठवल्यावर नव्हे. आई, गुडघे दुखत असताना विहिरीचं पाणी ओढायचं नाही. पंप बंद पडला तर काकीच्या मुलाला हाक मार, तो येतो. न्हाणीघरात रबराची चटई टाकायला सांगितलं होतं, टाकलीत का? गॅसची दुसरी टाकी दादा या आठवड्यात भरून देईल. परीक्षा संपल्या की मी येतेच, कौलं परतायला माणसं मी उभी करीन. तोवर शिडीवर कोणी चढायचं नाही. कोणी म्हणजे बाबा.

आणि एक काम आहे. 'राणीची बाग'मधलं एक पान कसरीनं खाल्लं आहे, मधल्या ओळींना भोकं पडली आहेत. पोरांनी रिकाम्या जागी आपापले शब्द घालून बघितले, पण त्यांना खरे शब्द हवे आहेत. तुम्हाला ती कविता पाठ असणार. सकाळच्या उजेडात बसून, डोळ्यांना ताण न देता, मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. दोन दिवस लागले तरी चालतील. डोळे दुखले तर तुम्ही सांगा आणि आई लिहील. कागदाच्या खाली सही आणि तारीख घाला. सुतळीवर एक चिमटा रिकामा ठेवला आहे.

तुमची,
बाय