मारातल्या मदतनीसांचे आभार

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात आम्ही प्राण्यांचे फोटो काढायला गेलो होतो; तिथल्या आमच्या ड्रायव्हरदादांचे आभार सर्वांत आधी. मारा नदीकाठी विल्डबीस्टचा (गाईसारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्यांचा) कळप नदी ओलांडायला जमू लागला तेव्हा त्यांनी गाडी लांबच थांबवली. कळप बुजला तर पाण्यात उतरतच नाही. मग इंजिन बंद, कारण दूरचं टिपणाऱ्या ४०० मिमी लेन्सला फोटो बिघडायला तेवढी थरथरही पुरते. ऊन पाठीशी येईल अशी गाडी लावा, हे सांगावंच लागलं नाही. (ही जाण आमच्या फोटोग्राफी क्लबातल्या कित्येकांना नाही, असो!) एका चित्त्याभोवती पाचांहून जास्त गाड्या नकोत, या नियमासाठी आम्हालाही मागे हटवणाऱ्या रेंजरचे आभार. तेव्हा राग आला होता खरा. आणि अंबोसेलीच्या अभयारण्यात समोरचा किलिमांजारो पर्वत ढगात जायच्या आत निघता यावं म्हणून भल्या पहाटे चहा देणाऱ्या कॅम्पमधल्या स्वयंपाक्यांचेही. असांते साना (स्वाहिलीत ‘खूप खूप आभार’)!