‘वादन’ या रकान्यात बेंजो का नाही?

मा. संपादक,

सप्रेम जय भीम.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावरचा लेख वाचला. ‘सर्फ’ संगीताला, म्हणजे लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या संगीताला, त्यात चारच ओळी आल्या, त्याही ‘समुद्रकाठच्या पोरांची मौज’ अशा थाटात. बीच बॉईज आले, पण व्हेंचर्स या गिटारवाल्या बँडचं नावसुद्धा नाही. मी दारव्हा तालुक्यातला गवंडी. लगनसराईत आणि चौदा एप्रिलला बेंजो, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, वाजवतो. समुद्र मी पाहिला तो दादरला, सहा डिसेंबरला, तोही लोकांच्या खांद्यांवरून. तरी या विषयावर मला बोलायचं आहे.

१९८६ च्या उन्हाळ्यात यवतमाळला एका साहेबांच्या बंगल्याचं प्लास्टर चाललं होतं. थापी अजून माझ्या हाती आली नव्हती. मी माल कालवून घमेलं वर द्यायचो. साहेबांचा मुलगा सुटीत आला होता आणि दुपारी टेप लावायचा. बहुतेक इंग्रजी गाणी डोक्यावरून जायची. एका कॅसेटमध्ये मात्र कोणी गातच नव्हतं. दोन-तीन गिटारी अन् ड्रम, बस्स. बोलच नव्हते, त्यामुळे साहेबांच्या पोराला जेवढं कळत होतं तेवढंच मलाही कळत होतं. मी घमेलं खाली ठेवून ऐकत राहिलो. मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या. जाताना त्या पोराने कव्हर दाखवून नाव वाचून सांगितलं : व्हेंचर्स.

पुढची हकिकत मला अलीकडे माझ्या पुतण्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवली, आणि ती ऐकून मी चाटच पडलो. व्हेंचर्स उभा करणाऱ्या डॉन विल्सन आणि बॉब बोगल या दोघांची ओळख १९५८ साली झाली, तीही कशी, तर बोगल जुनी गाडी घ्यायला विल्सनच्या बापाच्या दुकानात गेला म्हणून. आणि दोघं कामाला कुठे? बांधकामावर! वीट-दगडाच्या कामावरचे गडी. अमेरिकेतल्या टॅकोमा गावी त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून दोन जुन्या गिटारी घेतल्या. टॅकोमा हे थंडी-पावसाचं गाव, लाटांवर फळी घेऊन खेळायचं नव्हे. सर्फचा शिक्का त्यांच्यावर नंतर बसला. सर्फचं वेड आलं तेव्हा १९६३ मध्ये त्यांनीही त्या नावाची रेकॉर्ड काढली, धंदा आहे शेवटी.

त्यांची ‘वॉक, डोन्ट रन’ ही धून मूळची जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवाल्याची. कंपन्या उभं करीनात, तेव्हा विल्सनच्या आईने, जोसी विल्सनबाईंनी, स्वतःच रेकॉर्ड काढली. सिअॅटलच्या एका रेडिओ केंद्राने बातम्या संपल्या की ती लावायला सुरुवात केली आणि १९६० मध्ये ती अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेली. त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवणाऱ्याने म्हणे हिस्सा नाकारून पंचवीस डॉलर रोख घेतले. मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्हीही संध्याकाळी रोजीच मागतो.

ती धून बेंजोवर काढायला मला दोन महिने लागले. चार पायऱ्या उतरत खाली येते, पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरते. बेंजोच्या मुख्य तारा एकाच सुरात लावतात. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबायच्या, उजव्या हातातली नखी तारेवर थरथरवत ठेवायची. माझी नखी म्हणजे प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं झाकण. सर्फवाल्यांची करामतही हीच. अमेरिकेतल्या डिक डेल या गिटारवाल्याने (बाप लेबनानी वंशाचा) १९६२ मध्ये ‘मिसिरलू’ ही पूर्वेकडची जुनी धून अशीच एका तारेवर पळवली. त्यांचा आवाज घुमायचा तो गिटारचा आवाज वाढवायच्या यंत्रातल्या स्प्रिंगांमुळे. आमचा घुमतो भोंग्यामुळे, आणि वरात गढीच्या भिंतीजवळ आली की आपोआप. पहिल्यांदा ती धून वरातीत वाजवली, तेव्हा पोरं नाचली ती नाचलीच. नवरीचा बाप जवळ येऊन म्हणाला, “काय रे बाबू, हे कोनत्या पिच्चरचं गानं होय?” मी म्हटलं, गवंड्यांचं आहे. त्याला वाटलं थट्टा करतो.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. व्हेंचर्सचं खरं राज्य झालं जपानात. १९६५ च्या दौऱ्यानंतर तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं असं वेड लागलं, की त्या लाटेला ‘एलेकी’ असं नावच पडलं. त्याच जपानात, नागोया शहरात, १९१२ साली तैशोगोतो नावाचं पट्ट्यांचं वाद्य निघालं होतं. ते आपल्या देशात आलं आणि बुलबुल तरंग झालं. तोच आमचा बेंजो. बेंजोवर व्हेंचर्स वाजवणं हे सोयरिकीतलंच लग्न म्हणा ना.

आता मूळ दुखणं. माझी भाची तेरा वर्षांची आहे, माझ्याकडेच बेंजो शिकते. व्हेंचर्सनी १९६५ मध्ये ऐकून गिटार शिकायची रेकॉर्ड काढली होती, ती तिकडे यादीत चढली. आमची पोरगीही मोबाइलवर ऐकून ऐकूनच शिकते. यंदा शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेला तिचं नाव द्यायला गेलो. फॉर्मवर ‘वादन’ होतं, खाली कंसात तबला, हार्मोनियम, बासरी. टेबलावरच्या सरांनी बेंजो पाहिला आणि म्हणाले, “हे लग्नातलं वाद्य आहे हो. तिला गाता येत नाही का? गायनात घेतो.” पोरीने बेंजो ओढणीत गुंडाळला. घरी येईपर्यंत बोलली नाही.

आपल्या पेपरने त्या फॉर्मवर चार ओळी छापाव्यात एवढी विनंती आहे. पुढच्या वर्षी कंसात ‘व इतर’ एवढं घातलं तरी भागेल. पोरगी तिसऱ्या पायरीवर अजून अडखळते, पण तोवर सुटेल तिला.

आपला नियमित वाचक,
एक बेंजोवाला गवंडी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ